कशावरून?

तूर, हरभरा, मूग आणि या तिघांच्या डाळी. सहा जिन्नस एका परातीत मिसळावेत आणि लेकरांपुढे ठेवावेत. लातूर-उदगीरकडे डाळीच्या गिरण्या आहेत, प्रत्येक घरात यातलं निम्मं तरी असतंच. गट करायला शिकवण्यासाठी प्लॅस्टिकचे त्रिकोण-चौकोन मागवायची गरज नाही.

चार वर्षांचं मूल बहुधा तिन्ही डाळी एका बाजूला ढकलतं. पिवळं ते पिवळं. थोडं मोठं लेकरू तुरीशेजारी तूरडाळ ठेवतं, कारण घरी जात्यावर किंवा गिरणीत भरडताना पाहिलेलं असतं. एका पोरीने सरळ दोन ढीग केले. अख्खं इकडे, डाळी तिकडे. अंगणवाडीच्या ताई खूश झाल्या, 'शाब्बास, अख्खं आणि फुटलेलं' म्हणाल्या. पोरगी म्हणाली, "नाई ताई. हे भिजू घालायचं, अन् हे तसंच शिजाया टाकायचं."

ढीग तेच, पण कारण वेगळं. तिने आपणहून सांगितलं म्हणून कळलं. बाकीची लेकरं सांगत नाहीत, त्यांना विचारावं लागतं.

*

विचारायचं ते एवढंच : कशावरून? मग सगळं पुन्हा कालवून, 'आता दुसऱ्या तऱ्हेने लाव.' हे दुसरं काम खरं अवघड. एकदा रंगावर मन बसलं की तीन-चार वर्षांचं मूल रंग सोडायला तयार नसतं. तिथे घाई करू नये. आपण एक चिमूट उचलून वेगळी ठेवावी आणि गप्प बसावं.

*

यात नवं काही नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला काम केलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची, म्हणून त्यांनी बिया, पानं, खडे, शिंपले हाताशी धरले. 2 ऑक्टोबर 1975 पासून देशात अंगणवाड्या येऊ लागल्या. साधनांच्या पेट्या आणि तक्ते त्यानंतर वाढत गेले, पण खड्यांचं काम अजून खडेच चांगलं करतात.

*

असे गट गोठ्यातही असतात. देवणी गाय लातूर जिल्ह्याची. तिच्यात तीन प्रकार मानतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, तो वानेरा. पांढऱ्या अंगाला पोटाकडे काळे ठिपके, तो बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके, तो शेवरा. शेजारच्या नांदेडची लाल कंधारी तर लांबूनच रंगावर ओळखू येते. गोठ्यात वाढलेलं पोरगं हे सगळं शाळेत जायच्या आधी शिकतं. शाळेत मात्र त्याला गाय, म्हैस, शेळी अशी तीन चित्रं दाखवून 'पाळीव प्राणी' वदवून घेतात.

*

त्याच पोराला विचारावं : पाच गायी आहेत, दोन म्हशी आहेत. गायी जास्त की जनावरं जास्त? पाच वर्षांचं असेल तर बहुधा 'गायी' म्हणेल. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हाच प्रश्न लाकडी मण्यांवर विचारला होता. गायी या जनावरांतही मोजायच्या, हे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पचत नाही. तोवर समजावून सांगितलं तर बहुधा पाठांतर होतं, समज येत नाही. आठव्या वर्षी तेच पोर 'हे काय विचारणं झालं' म्हणून हसतं.

*

मोठी माणसंही आपापल्या तऱ्हेने गट लावतात. लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1931-32 मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रं ठेवली. यात न बसणारं कोणतं? शाळा न शिकलेल्यांनी सांगितलं, सगळीच बसतात. ओंडकाच नसेल तर करवत काय करायची?

आपल्या शिष्यवृत्तीच्या पेपरात 'गटात न बसणारे पद ओळखा' असतं, तिथे या उत्तराला शून्य गुण. पेपर आहे तसा सोडवायला शिकवावंच लागेल, त्यात वाद नाही. पण कोयता, विळा, ऊस एकत्र ठेवणाऱ्या लेकराला 'चूक' म्हणू नये. 'हाही एक गट, आता फक्त हत्यारं वेगळी काढ' म्हणावं. पुस्तकी गट त्याला जास्तीचा मिळू द्या, घरचा काढून घेऊ नका.

*

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत येते. आदल्या संध्याकाळी लातूरकडच्या घरात भज्जीची तयारी चालते. तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे सोलायचे, मेथी निवडायची, कांद्याची पात चिरायची. सोलायचं, निवडायचं, चिरायचं असे तीन ढीग आपोआप पडतात. लेकरू मधे बसलेलं असतं आणि त्याला कुणी 'जा, अभ्यास कर' म्हणून उठवतं. हाच अभ्यास चालला होता, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

*

परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नच्या फलकांवर डॉक्टर-इंजिनिअर झालेल्यांचे फोटो असतात. शेंगा सोलणाऱ्याचा फोटो कोण लावणार!

*

एक विनंती, अंगणवाडीताईंना आणि घरच्यांना. बिया गोळा करायला सांगाल तेव्हा लाल-काळी गुंज आणि एरंडी आधी बाजूला काढा. चावल्या गेल्या तर दोन्ही विषारी. पेरणीतून उरलेलं, औषध चोळलेलं गुलाबी बियाणं तर परातीत येऊच देऊ नका. रंग छान दिसतो म्हणून लेकरं आधी तेच उचलतात. तीन वर्षांच्या आतलं मूल बसलं असेल तर वाटाणा-हरभराही नको, ते नाकात घालतं. त्याच्यापुढे वाट्या, चमचे आणि झाकणं ठेवा.