‘देवाची इच्छा’ म्हणण्यापूर्वी

फेब्रुवारीचे पहिले दिवस आले की आमच्या धर्मग्रामात संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाची लगबग सुरू होते. वसईच्या मातीने ख्रिस्तसभेला दिलेला हा रक्तसाक्षी. त्यांच्यावरील प्रवचन आम्हाला इतक्या वर्षांच्या सवयीने जवळजवळ पाठ झाले आहे. ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकीची टेकडी, सव्वीस क्रूस, भाल्यांचे वार आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी केलेली संतपदाची घोषणा. टिपण काढावे लागत नाही. यंदा मात्र ते प्रवचन ओठांवर येईना. त्याचे कारण जानेवारीत घडले होते.

आमच्या धर्मग्रामातील एका घरचा एकोणीस वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. अकरा महिने त्या घराने इस्पितळाच्या पायऱ्या झिजवल्या. वेदीसेवक म्हणून तो आमच्या डोळ्यांदेखत वाढलेला. अंत्यविधीच्या मिस्सात आम्ही जे बोललो ते अशा प्रसंगी बोलले जाते तेच होते. देवाची इच्छा आपल्याला उमगत नाही, बागेतले उत्तम फूल माळी आधी खुडतो, वगैरे. दफन आटोपले. दफनभूमीच्या फाटकाशी त्या मुलाच्या आईने आमचा हात धरला आणि आवाज जराही न चढवता विचारले, “फादर, ही देवाची इच्छा होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

आम्ही काहीतरी पुटपुटलो. सेमिनरीतील ईशज्ञानाचे अध्ययन आणि पंचवीसहून अधिक वर्षांची पुरोहितसेवा त्या क्षणी आमच्या मदतीला आली नाही. त्या रात्री झोपही आली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आजाराने आलेले मरण म्हणजे रक्तसाक्ष नव्हे. प्रवचनाच्या भरात आम्ही धर्मगुरू कधी कधी सगळीच दुःखे एकाच मापाने मोजतो. ते बरोबर नाही. रक्तसाक्ष्यापुढे पर्याय असतो. श्रद्धा सोडली तर त्याचा जीव वाचू शकतो. त्या मुलापुढे असा कोणताही पर्याय नव्हता. तरीही मागे उरलेल्यांचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो. प्रेम करणारा देव तेव्हा होता कुठे?

सणाच्या तयारीसाठी म्हणून नागासाकीचा इतिहास आम्ही पुन्हा काढला, तो या प्रश्नासह. गोन्सालो हे फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ बंधू. जपानी भाषा उत्तम येत असल्याने सत्ताधीश हिदेयोशी यांच्यापुढे ते दुभाषी म्हणून उभे राहिले होते. त्याच हिदेयोशींच्या हुकुमाने क्योतो येथे कैद्यांचे डावे कान कापण्यात आले आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले. हे सारे आम्ही दरवर्षी सांगतो. परंतु त्या रांगेत चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी होता, शेजारी त्याचे वडील मिगेल होते, आणि त्या मुलाने वाटेत घरी आईला पत्र लिहिले होते, हे आम्ही सहसा ओझरतेच सांगतो. बाबांची नि माझी काळजी करू नकोस, धाकट्या भावांच्या श्रद्धेला जप, असा त्या पत्राचा आशय. पती आणि पुत्र एकाच दिवशी गमावणाऱ्या त्या माऊलीचा विचार आम्ही आजवर एकदाही थांबून केला नव्हता. संतांची गोष्ट क्रुसापाशी संपते असेच आम्ही समजत आलो.

ती तेथे संपली नाही. १६१४ साली जपानभर धर्मबंदी आली. त्यानंतरच्या दोनशेहून अधिक वर्षांच्या काळात तेथील श्रद्धावंतांनी धर्मगुरूंवाचून लेकरांना बाप्तिस्मा दिला आणि प्रार्थना तोंडपाठ करून पुढच्या पिढीच्या हाती सोपवल्या. (आमच्यासारख्या धर्मगुरूंनी हे वाक्य अधूनमधून स्वतःशीच वाचावे.) १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील औरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले की, आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? ते चर्च त्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावे उभारलेले होते.

येथवर येऊन आम्हाला थांबता आले असते. प्रवचनाला शेवट झकास मिळाला होता. पण ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तो याच उराकामीवर. तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मरिया स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता आणि कथीड्रलमध्ये पापनिवेदनासाठी लोक जमले होते.

डॉक्टर ताकाशी नागाई तेथलेच. क्ष-किरणांवर काम करता करता त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे बॉम्ब पडण्यापूर्वीच निष्पन्न झाले होते. बॉम्बनंतर त्यांना घराच्या राखेत पत्नी मिदोरी यांच्या अस्थी सापडल्या, आणि सोबत त्यांची रोझरी. नोव्हेंबरमध्ये मृतांसाठी झालेल्या मिस्सात नागाई यांनी या साऱ्यांना देवाने निवडलेल्या होमबलीची उपमा दिली. अनेकांना त्यातून धीर मिळाला. अनेकांना मात्र ते पटले नाही. देवाने अशी आहुती मागितली असेल हे त्यांना मान्य नव्हते. पुढे १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल हिरोशिमात उभे राहून म्हणाले की युद्ध ही माणसाचीच करणी आहे.

आमचा कल त्या न पटलेल्यांकडे आहे. तरी नागाईंना दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ते शब्द त्यांनी स्वतःच्या पत्नीच्या राखेवर उभे राहून उच्चारले, स्वतःच्या रक्तात मरण वाहत असताना. आम्ही तेच शब्द धडधाकट शरीराने, दुसऱ्याच्या मुलाच्या शवपेटीपाशी उच्चारले. फरक एवढाच होता, आणि त्या आईच्या तो तत्काळ ध्यानात आला.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय आम्ही त्या आठवड्यात कितीदा वाचला असेल. क्लेश, छळ, उपासमार, तलवार यांची तो यादी देतो. ही संकटे देव धाडतो असे तो तेथे म्हणत नाही. ती आली तरी ख्रिस्ताची प्रीती आपल्यापासून तोडू शकत नाहीत, एवढेच तो छातीठोकपणे सांगतो. आमची आशा या ‘तोडू शकत नाहीत’वर टेकलेली आहे. क्रुसावर टाहो फोडणारा पुत्र आणि तो टाहो ऐकणारा पिता, यांच्यामधली प्रीतीही तुटली नव्हती.

सणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. मुलाचा फोटो, त्याला घातलेला अबोलीचा हार, ओट्यावर आजी. आम्ही प्रथम क्षमा मागितली. मुलाच्या आईने मान हलवली आणि चहा ठेवला. मग आम्ही थॉमस कोझाकीच्या पत्राची हकिकत सांगितली, प्रवचनाचा सूर न लावता. ती गॅसपाशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. गोष्ट संपली तरी काही बोलली नाही. रोझरीची वेळ झाली तेव्हा आजीने माळ हाती घेतली.

“आजची पहिली नमो मरिया,” आई म्हणाली, “त्या पोराच्या आईसाठी म्हणू या.”

आजीने कोणता पोर ते विचारले नाही. तिने सुरुवात केली.