दुसऱ्याचा कोट

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी प्रथमच देशाबाहेर पाऊल टाकले. माझी लेक टोकियोत नोकरीला आहे. आईला बर्फ दाखवायचा, हे तिने आधीच ठरवून टाकले होते. टोकियोहून शिंकान्सेन गाडीने साधारण सव्वा तासात निगाता प्रांतातील युझावा येते. सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात, डोंगरांना अडतात आणि तेथे बर्फ टाकतात. डोंगराच्या अलीकडे टोकियोत मात्र कोरडे, स्वच्छ ऊन असते. कोकणात धो धो पाऊस आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला दुष्काळी पट्टा, तसाच हा प्रकार. याच प्रांतात १९११ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील थिओडोर फॉन लेर्ख या अधिकाऱ्याने जपानी सैनिकांना स्कीइंग शिकवले होते.

२५ डिसेंबरला लेक मला कपडे घ्यायला कांदा भागात घेऊन गेली. एकाच रस्त्यावर दोन बाजार. एकीकडे जिंबोचो, म्हणजे जुन्या पुस्तकांची शंभरावर दुकाने. बहुतेक दुकानांची तोंडे उत्तरेला, कारण उन्हाने पुस्तके विटू नयेत. थोडे पुढे गेले की ओगावामाची, तेथे स्की आणि गिर्यारोहणाच्या सामानाची दुकाने. माझे पाय पुस्तकांकडे वळत होते. लेकीने हात धरून मला पुढे नेले.

दुकानातील तरुण विक्रेत्याने वाकून स्वागत केले आणि फार निगुतीने सगळे समजावून सांगितले. लेक मराठीत सांगत होती. अंगालगतचा कपडा सुती नको, कारण सूत घाम धरून ठेवते आणि ओले अंग गारठते. तेथे लोकर किंवा पॉलिएस्टर हवे. त्यावर फ्लीस, तो हवा अडकवून ठेवतो. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट. त्याच्या चिठ्ठीवर १०,००० मिलिमीटर असा आकडा होता; कापड पाण्याचा किती दाब सोसते, त्याचे ते माप. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते, हे ऐकताना मला आईची गोधडी आठवली. तिला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते.

जाकिटाची किंमत ३८,००० येन होती. मनात रुपयांचा हिशेब केला; आकडा वीस हजारांपुढे गेला. एका दिवसाच्या बर्फासाठी एवढा खर्च? माझा चेहरा पाहून लेक म्हणाली, "आई, जाकीट-पँट तिथे भाड्याने मिळते. सगळेच घेतात."

"दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे मी घालणार नाही," मी म्हणाले. आवाज एवढा चढला की विक्रेताही दचकला. आम्ही काही न घेता बाहेर पडलो.

चहा पिताना मी लेकीला ते सांगितले, जे चाळीस वर्षांत कोणालाच सांगितले नव्हते. मी सातवीत असताना आईला वाड्यावरून जुनेर मिळाले. त्यात एक निळा स्वेटर होता. तो घालून मी शाळेत गेले. वाड्यावरची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या कोपरावरच्या रफूला बोट लावले आणि शेजारच्या मुलीकडे पाहून हसली. त्यानंतर मी तो स्वेटर अंगाला लावला नाही. आईने काही न विचारता तो गोधडीत घालून शिवला. तो हिवाळा मी कुडकुडत काढला.

इतिहास शिकू लागले तेव्हा कळले की त्या बोटामागे फार जुना कायदा होता. चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत, असा नियम मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. तीच मनुस्मृती १९२७ साली २५ डिसेंबरला महाडमध्ये जाळली गेली. चहाच्या टेबलावर तारीख लक्षात आली आणि मी गप्प झाले.

लेकीने हळूच विचारले, "मग भिक्खूंचे चीवर? तेही टाकलेल्या चिंध्यांचेच असायचे ना?" प्रश्न बरोबर होता. चिंध्या त्याच, पण भिक्खू त्या स्वतः निवडून उचलत होते, आमच्या अंगावर त्या टाकल्या जात होत्या. अपमान कापडात नव्हता, देण्याच्या रीतीत होता.

आम्ही परत दुकानात गेलो. आतले कपडे, लोकरी मोजे आणि हातमोजे माझे स्वतःचे घेतले. दुसऱ्या दिवशी युझावाला भाड्याच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिले. पुढे एक वृद्ध गृहस्थ, मागे महाविद्यालयीन मुले. प्रत्येकाने आपले माप लिहून दिले, पैसे भरले, गठ्ठा घेतला. कोणी कोणाचे आभार मानून ओशाळले नाही. आयुष्यात प्रथमच पँट घालून मी बर्फात उतरले, तीनदा पडले आणि लेकीबरोबर पोट दुखेपर्यंत हसले.

पण परतीच्या गाडीत हसू विरले. आपल्या वसतिगृहात दर हिवाळ्यात जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. देणाऱ्यांच्या मनात मायाच असते. ते वाटण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे होते. प्रार्थनेनंतर मुलींना रांगेत उभे करून, नाव पुकारून, पाहुण्यांच्या हस्ते स्वेटर द्यायचे आणि छायाचित्र काढायचे, ही पद्धत मीच पाडली. माजी विद्यार्थिनींना ती रांग आठवत असेल. त्या रांगेत कोणीतरी निळा स्वेटर घेतला असेल आणि मला तो दिसला नसेल. त्या सर्वजणींची मी या स्मरणिकेतून क्षमा मागते.

जानेवारीपासून वसतिगृहात एक खोली केली आहे. आलेले कपडे धुऊन, दुरुस्त करून, मापाप्रमाणे फळ्यांवर लावलेले असतात. मुली स्वतः निवडतात, वहीत माप लिहितात, मार्चमध्ये धुऊन परत ठेवतात. नाव पुकारले जात नाही, छायाचित्र काढले जात नाही. वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद माझी आहे: एक करडा स्वेटर, मोठे माप.