वरचा आकडा, खालचा आकडा

वरचा आकडा १६२, खालचा ५८. एवढ्यावरून मला बीपीची गोळी सुरू झाली, ती मे महिन्यात. भंडारा जिल्ह्यातला मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला टेकलेला, तेव्हा घाम कुणाला येत नाही? मी लाखनी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय पन्नाशीच्या पुढे. या वयात बाईला घाम येवो, झोप उडो की चिडचिड होवो, सगळं पाळी जाण्यावर ढकललं जातं. वजन उतरायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले, शुगर पाहून घ्या. ती नॉर्मल निघाली. दोन वेळा भात वाढून घेऊनही ब्लाउज सैल होत होते.

त्या गोळीने वरचा आकडा जरासा उतरला, खालचा आणखी खाली गेला, पायांवर सूज आली आणि धडधड वाढली. डाव्या कुशीवर झोपलं की ठोके उशीतून कानात ऐकू यायचे. शाळा उघडली तेव्हा फळ्यावरचं माझं अक्षर वाकडं व्हायला लागलं. पोषण आहार शिजवणारी बाई एक दिवस म्हणाली, "काऊन वो मॅडम, हात काऊन कापते तुमचा?"

उलगडा केला तो आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने. मशीन बाजूला ठेवून तिने माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर बोटं हलवली नाहीत. "मॅडम, नाडी वेगात तर आहेच, पण तिला ताल नाही. आजच ईसीजी काढा." इतक्या महिन्यांत माझ्या मनगटाला मिनिटभर हात लावणारी ती पहिलीच.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली, तर लकवा. नागपूरला रक्त तपासलं. टीएसएच जवळजवळ शून्य, टी-३ आणि टी-४ खूप चढलेले. निदान झालं ग्रेव्हज डिसीज, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला सतत चेतवत राहते. १८३५ मध्ये डब्लिनच्या डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी गळ्याची गाठ वाढलेल्या तीन स्त्रियांची हकीकत लिहिली, तिच्यातही जोर होता तो दीर्घकाळ चालणाऱ्या जबर धडधडीवरच. ते वाचल्यावर मला फार धीर आला.

माझ्या दोन आकड्यांचा अर्थ नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितला. टी-३ वाढलं की हृदय जलद चालतं आणि प्रत्येक ठोक्याला जोरही जास्त असतो, म्हणून वरचा आकडा चढतो. त्याच वेळी बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून खालचा उतरतो. दोन्हींतलं अंतर रुंदावतं. माझ्या रक्तवाहिन्या आधीच सैल होत्या आणि मी खात होते ती गोळी त्यांना आणखी सैल करणारी. ती बंद झाली. त्याऐवजी थायरॉइडला आवर घालायला कार्बिमॅझोल, हृदयाचा वेग उतरवायला प्रोप्रॅनोलॉल आणि रक्त पातळ ठेवणारी एक गोळी सुरू झाली. प्रोप्रॅनोलॉल देण्याआधी दम्याचा त्रास आहे का, हे मला दोनदा विचारलं. ती मनाने एकदम थांबवायची नाही, असंही बजावलं.

घरी वही घातली. ठोके अनियमित असले की मशीन दर वेळी वेगळाच आकडा दाखवतं, म्हणून पाच मिनिटं शांत बसून तीन वेळा मोजायचं आणि सरासरी लिहायची. नाडी मात्र सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, बोटांनीच. काळजीने वाढलेली धडधड झोपेत बहुधा निवते. थायरॉइडची झोपेतही पाठ सोडत नाही. त्यामुळे पहाटेचा आकडा मला सगळ्यात खरा वाटायचा. सुरुवातीला तो शंभराच्या वर होता. गोळ्या लागू पडल्या तसा नव्वदीत आला, मग ऐंशीच्या खाली. वरचा आकडा उतरत गेला, खालचा सत्तरीकडे चढला. टी-४ नॉर्मल झालं तरी टीएसएच कित्येक महिने वर यायला तयार नव्हतं. ते असंच मागाहून येतं.

रोवणीच्या दिवसांत माझा घसा दुखून ताप आला. बांध्यांत पाणी साचलेलं असताना आमच्याकडे घरोघरी ताप असतो आणि मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणून लोक परत चिखलात उतरतात. पण कार्बिमॅझोल क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटवतं आणि त्याची पहिली खूण घसा आणि ताप हीच. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे मला नागपूरहून लिहून दिलं होतं. भर पावसात भंडाऱ्याला गेले. पेशी ठीक होत्या, गोळी पुन्हा सुरू झाली. कार्बिमॅझोल घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ही सूचना भिंतीवर लावलेली असावी, असं मला कळकळीने वाटतं.

थायरॉइड आटोक्यात आल्यावर हृदयाचा ताल आपोआप जागेवर आला. सगळ्यांचा येतोच असं नाही. हा आजार घराण्यात चालतो, म्हणून तुमसरच्या धाकट्या बहिणीचं टीएसएच तपासून घेतलं. ते नॉर्मल आहे. माझं कार्बिमॅझोल वर्ष-दीड वर्ष चालेल, मग थांबवून पाहायचं. आजार उलटला तर रेडिओआयोडीन घ्यायची माझी तयारी आहे. त्यानंतर बहुधा जन्मभर थायरॉक्सिन घ्यावं लागेल. ते मी घेईन.