उत्तरेकडची वाट

प्रभादेवीच्या चौपाटीवर आई थेट समोर, मावळतीकडे बघते. तिच्या लेखी ताई तिकडे असते. अरबी समुद्र संपला की अरबस्तान, मग आफ्रिका, पुढे आणखी एक समुद्र, मग अमेरिका. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशानं आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात हे पक्कं बसवलंय.

एकदा भाच्याचा पृथ्वीगोल घेतला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. मुंबईवरचं टोक आईनं अंगठ्याच्या नखाखाली दाबून धरलं, ताईच्या न्यूयॉर्कवरचं मी. सैल होता तोवर दोरा आफ्रिकेवर लोळत होता. ताणायला लागलो तसा सरकत सरकत वर चढला आणि घट्ट बसला तेव्हा हेलसिंकीजवळून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून खाली उतरत होता. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. याहून जवळची वाट नाही. आणि ती मुंबईहून निघते वायव्येपेक्षाही उत्तरेला कलून. म्हणजे चौपाटीवर उजवीकडे मान वळवून वांद्र्याच्या टोकाकडे बघायला हवं. आईला हे मुळीच पटलं नाही. ती दोरा पुन्हापुन्हा खाली ओढत राहिली.

विमानांना मात्र अशी सलग वाट सुरुवातीला नव्हती. 1948 च्या जूनमध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला गेलं ते कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत. 1960 साली एअर इंडियाचं बोइंग 707 लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. पुढे माणूस सोळा-एक तास एकाच खुर्चीत बसून थेट उतरू लागला. परतीला तेच अंतर लवकर कापलं जातं, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला पाठीमागून रेटतात. मुलं घराकडे निघाली की वारा त्यांच्या बाजूनं असतो, याचं मला फार बरं वाटतं.

पण गोलावरच्या दोऱ्याला सरहद्दी लागत नाहीत, विमानाला लागतात. रशियानं 2022 मध्ये युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना केलं, मग भारतानंही त्यांच्या विमानांना. तेव्हापासून आपली विमानं आधी समुद्रावरून आखाताच्या बाजूला जातात आणि मग वर वळतात. वळसा पडतो, इंधन जास्त लागतं, तास वाढतात. आई बघते त्याच दिशेनं विमानाला जावं लागतंय, पण तिचं म्हणणं असं खरं ठरलेलं मला नको होतं. पृथ्वीनं दिलेली जवळची वाट माणसांनी एकमेकांवर रागावून बंद करावी, याचा मला मनापासून त्रास होतो. त्या वाढलेल्या तासांत कुणाचं तान्हं रडत असतं, कुणाचे म्हातारे पाय सुजत असतात.

ताईचं तिकीट निघालं की आई पूर्वी एवढंच विचारायची, किती वाजता उतरणार. या खेपेला तिनं फोनवर आधी विचारलं, “वाट कुठली गं?”

“लांबची,” ताई म्हणाली.

“बरं. मग भाकरी बांधून घे, विमानातलं तुला जात नाही.”