उताराचा गिअर

घाट म्हटला की आपल्याला चढ आठवतो. निबंधांतूनही माणसे नेहमी चढतच असतात – दमछाक, चिकाटी, माथा गाठणे वगैरे. मालमोटारवाल्यांना मात्र चढाची फारशी धास्ती नसते. गाडी दमली तर चाकाला दगड लावायचा आणि स्वस्थ बसायचे. धास्ती असते ती उताराची. आमचे अण्णा बावीस वर्षे कराड-चिपळूण रस्त्यावर गाडी चालवीत आहेत. कुंभार्ली घाटाविषयी ते बोलतात तेव्हा तो चिपळूणकडे उतरतानाचा घाट असतो.

बारावीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसून हा घाट उतरले. मागे साखरेची पोती होती. कोयनानगर मागे टाकून आम्ही घाटमाथ्यावर आलो आणि खरा उतार लागण्याआधीच अण्णांनी गाडी अगदी हळू करून खालचा गिअर टाकला. पहिल्या वळणापासून इंजिन जे ओरडू लागले ते थांबेना. मला वाटले, काहीतरी बिघडले. अण्णा म्हणाले, "वरडू दे त्याला. त्यो वरडतोय म्हंजी त्यानं गाडी धरून ठेवलीय. गिअर काढला की गाडी आपली न्हाय, उताराची."

याचा उलगडा मला नंतर झाला. एरवी इंजिन चाकांना ओढते. उतारावर चाके इंजिनाला ओढतात. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला, पण गिअर टाकलेला, म्हणून चाकांना ते सारे अवजड यंत्र फिरवावे लागते. हवा आत घेणे, दाबणे, बाहेर टाकणे, भाग एकमेकांवर घासणे, यात उताराचा जोर खर्ची पडतो. गिअर जितका खालचा तितके चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन जास्त वेळा फिरते आणि पकड घट्ट होते. डिझेल इंजिनात दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलटून दट्ट्याला पुन्हा ढकलते, त्यामुळे नुसते इंजिन अवजड गाडीला पुरत नाही. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक असतो. धूर जाण्याच्या नळीतली झडप मिटली की आतली हवा बाहेर लोटणे इंजिनाला जड जाते. आणि हे सगळे माथ्यावरच ठरवावे लागते. भर उतारात गाडीने वेग घेतल्यावर खालचा गिअर पडता पडत नाही.

घाटाच्या पायथ्याशी पोफळी आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून तिथे उतरते आणि १९६२ पासून त्याची वीज होते. तोच डोंगर उतरणाऱ्या साखरेच्या पोत्यांतही तसाच जोर असतो. त्याची वीज होत नाही, उष्णता होते, आणि तिला कुठेतरी जावेच लागते. इंजिनाला रेडिएटर आहे, पंखा आहे. ब्रेकच्या ड्रमला यातले काही नाही. पाय सारखा ब्रेकवर राहिला की ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, जळका वास येऊ लागतो. शिवाय ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून टाकीतली हवा उतरते ती निराळीच.

हे सर्व ड्रायव्हरांना ठाऊक आहे. तरीही पुष्कळ जण उताराला गाडी न्यूट्रलवर सोडतात, कारण डिझेल. अण्णांच्या मालकांकडे ज्याच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज चांगले त्याला महिन्याला वरचे पैसे मिळतात. अण्णांना ते क्वचितच मिळाले. माझी पहिल्या वर्षाची फी भरायची होती त्या महिन्यातही ते दुसऱ्याच्या खिशात गेले. अण्णा काही बोलले नाहीत. आईने भिशीचे पैसे काढले.

आता दादाने पिकअप घेतली आहे, कर्जावर. तो याच रस्त्याने जातो आणि घाटात न्यूट्रल करतो. अण्णांचे ते जुने शास्त्र, असे त्याचे मत. तो निघाला की त्याचा फोन येईपर्यंत आई जागी असते.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या मालमोटारीने चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान केले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासाच्या आधारे तेव्हा पेपरांत आले. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, आणि स्टिअरिंगही जड. त्या अपघाताची आठवण दिली की दादा म्हणतो, "मी इंजिन कुठं बंद करतो?"

म्हणून मी डिझेलपंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. बी.ए.ची मुलगी पंपाचे विचारते म्हणून ते आधी हसले, मग त्यांनी एक जुना पंप उघडूनच दाखवला. गाडी गिअरमध्ये असून पाय काढलेला असेल तर पंप डिझेल तोडतो. इंजिनाला चाकेच फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहण्यासाठी डिझेल लागतेच. हलक्या उतारावर गाडी दूरवर घरंगळून थोडे वाचत असेल. पण जिथे ती ब्रेकने धरावीच लागते त्या घाटात वाचायचे काय? तिथे डिझेलही जाते आणि लायनरही.

हे मी घरी सांगितले. अण्णा नुसते "हां" म्हणाले. दादा म्हणाला, "आता तू शिकव मला गाडी!"

गेल्या महिन्यात त्याने लायनर बदलले, आठ महिन्यांत दुसऱ्यांदा. ती पावती आईने अण्णांच्या डिझेलच्या हिशोबाच्या वहीत ठेवली आहे. वही फळीवर, दादाच्या गाडीच्या किल्लीशेजारी असते.