भाट्याची ओली वाळू

ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे माझी फिरायची वेळही बदलते. आज ती पहाटेच होती. मांडवीहून निघालो, भाट्याचा पूल ओलांडून किनाऱ्यावर उतरलो. पाण्यालगतची वाळू टणक, पाऊल रुतत नाही. सुरूच्या बनाकडे सरकलं की पोटऱ्या लगेच भरून येतात. खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या चुकवत झरी विनायकापर्यंत गेलो. त्यातली एकही मोडवत नाही.

परतताना थिबा पॉइंटचा चढ. छाती भरून आली. ब्रह्मदेशाचा कैदी राजा थिबा १९१६ साली इथल्याच राजवाड्यात वारला. खाली काजळीची खाडी उजळत होती. त्यालाही ती रोज दिसत असेल. उतरताना पाय जड झाले होते.