त्साय-शीच्या तीरावरील कोजागिरी

चंद्र पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे काही कारण नाही. तो आपल्या अंगणातूनही दिसतो. तथापि २०२५ सालची कोजागिरी आम्ही चीन देशात, यांगत्से नदीच्या तीरी घालविली. त्या रात्री जे पाहिले व जे मनात आले, ते वाचकांच्या कानी घालावे एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा शांघायला नोकरीस आहे. बंधूंचे व आमचे बोलणे अकरा वर्षे बंद होते. वडिलोपार्जित घराच्या वाटणीच्या वेळी जो शब्द बोलू नये तो आम्ही बोललो. त्यांनी उत्तर दिले नाही. आणि दोन घरांमधील दार लागले ते लागलेच. पुतण्याने मात्र हे वैर कधी मानले नाही. "काका, जन्मभर मेघदूत शिकवलेत, आता इकडचे कवी कुठे राहिले तेही बघून जा," असा त्याचा दरसालचा आग्रह. अखेर हाँगकाँगच्या वाटेने आम्ही शांघाय गाठले.

चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमा हा तिकडचा चंद्राचा मोठा उत्सव. बहुधा तो आपल्या भाद्रपदी पौर्णिमेस येतो. परंतु त्यांच्याकडेही अधिक मास धरतात. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक आला, आणि त्यांचा उत्सव व आपली कोजागिरी ६ ऑक्टोबरला एकाच रात्री आली. सुटीमुळे आगगाडीत पाय ठेवण्यास जागा नव्हती. जो तो आपल्या गावी निघालेला, आणि प्रत्येकाच्या हातात चंद्राकार मिठाईचा डबा. या वड्यांत पुष्कळदा अंड्याचा बलक असतो, म्हणून पुतण्याने चौकशी करून कमळबीजाच्या सारणाच्या तेवढ्या आमच्यासाठी घेतल्या होत्या. वाटोळेपणा हेच त्या मिठाईचे मर्म. पूर्ण चंद्र म्हणजे पूर्ण कुटुंब. चिनी भाषेत वाटोळेपणा आणि आप्तांचे एकत्र येणे या कल्पना एकाच शब्दात नांदतात.

वाटेत छांगचौ हे स्थानक लागले. ते नाव कोठेतरी वाचल्यासारखे वाटले, पण गर्दीत ते तेवढ्यावरच राहिले.

मा-आन-शान हे आज पोलादाच्या कारखान्यांचे शहर. त्याच्या कडेला नदीत घुसलेला जो खडक आहे, तेच त्साय-शी. ली पो (७०१–७६२) हा महाकवी येथे नावेत बसून मद्यपान करीत असता पाण्यातील चंद्राला आलिंगन देण्यास वाकला व बुडाला, अशी आख्यायिका आहे. वस्तुतः तो जवळच तांगथू येथे एका आप्ताच्या आश्रयास असता आजाराने वारला, असे मानतात. त्याची समाधीही त्याच बाजूस आहे. तरी त्साय-शीच्या लोकांनी त्याच्या वस्त्रांची म्हणून एक निराळी समाधी बांधली आहे, आणि त्याच्या नावाचा मनोराही तेथे उभा आहे. लोकांना खऱ्या मृत्यूपेक्षा शोभणारा मृत्यू अधिक प्रिय असतो!

चिनी चंद्रावर वस्ती पुष्कळ. हौ यी या धनुर्धराला मिळालेले अमृत त्याची पत्नी छांग-अ हिने प्राशन केले, ती हलकी होऊन चंद्रावर गेली, आणि तेथे कायमची एकटी राहिली. तिच्याजवळ ससा आहे. तो खलात संजीवनी कुटीत असतो. वू कांग नावाचा एक शापित पुरुष तेथील वृक्ष तोडतो, आणि प्रत्येक घावासरशी खोड पुन्हा भरून येते.

ससा ऐकून आमचे कान साहजिकच टवकारले. शश, शशी, शशांक हे शब्द आम्ही किती विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले असतील! सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग आपल्या प्रवासवृत्तात वाराणसीजवळची एक कथा देतो. अतिथीला देण्यास काही नाही म्हणून एका सशाने स्वतःचा देह अग्नीत टाकला, आणि इंद्राने त्याला चंद्रावर स्थान दिले. चीनमधील काही विद्वान तेथला ससा भारतातूनच गेला असे म्हणतात. परंतु १९७२ मध्ये मावांगत्वी येथे जे थडगे उकरले, त्यातील इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील रेशमी पटावर चंद्रकोरीत बेडकासह ससा आहेच, आणि तेव्हा बौद्ध धर्म तिकडे पोहोचला नव्हता. आमच्या मते ससा कोणाचा हा वाद व्यर्थ आहे. दोन्ही राष्ट्रांनी एकाच डागाकडे पाहिले. आजही चीनच्या चांद्रयानांना छांग-अचेच नाव असते.

परंतु या कवींचे वैशिष्ट्य पुराणकथेत नाही. आपल्या काव्यात चंद्र मुखाची उपमा होतो, विरहिणीला जाळतो. त्यांच्याकडे तो दुरावलेल्यांमधला दुवा आहे. तू फू हा ७५६ साली बंडखोरांच्या हाती सापडून छांग-आन नगरीत अडकला असता त्याने आपली तळमळ सांगितली नाही. दूर गावी एकटीच चंद्र पाहणारी पत्नी त्याने डोळ्यांपुढे आणली. उत्तरमेघातील यक्ष हेच करतो. हे वाचताना आपलाच मनुष्य परक्या वेषात भेटावा तसे आम्हांस झाले.

आणि मग सू तुंग-पो. १०७६ सालच्या याच पौर्णिमेस तो मीचौ येथे अधिकारी होता. धाकटा भाऊ सू चे याची कित्येक वर्षे भेट नव्हती. जवळ राहावे म्हणून त्याने त्याच प्रांतात बदली मागून घेतली होती, तरीही योग येईना. रात्रभर मद्य घेऊन त्याने भावासाठी जे पद्य रचले, त्यात तो आधी चंद्रावर रागावतो आणि मागाहून तो राग परत घेतो. पुढच्याच वर्षी शूचौ येथे दोघांनी ही पौर्णिमा एकत्र पाहिली. परंतु पुढे दोघांच्याही नशिबी हद्दपारी आली. १०९७ मध्ये दक्षिणेत झालेली भेट शेवटची ठरली. ११०१ मध्ये सू तुंग-पो परतीच्या वाटेवर वारला. भाऊ जवळ नव्हता. तो वारला ते गाव छांगचौ!

हे आम्ही नदीकाठी पुतण्याला सांगत होतो. गावाचे नाव तोंडून निघाले आणि सकाळचे स्थानक आठवले; पुढचे वाक्य काही सुचेना. पुतण्याही गप्पच होता.

चंद्र आमच्या पाठीमागच्या टेकडीवरून वर आला. नदी बराच वेळ काळीच होती. मग हळूहळू पाणी उजळले, मालवाहू नावांच्या कडा दिसू लागल्या. लहानपणी या रात्री आई ज्येष्ठ म्हणून आम्हांस ओवाळी, आणि धाकटे बंधू रुसून बसत. मग आटीव दुधाच्या पेल्यातला पहिला घोट त्यांना द्यावा लागे.

आम्ही घड्याळ पाहिले. येथे साडेसहा वाजले होते, म्हणजे घरी चारच. तेथे अजून ऊन असणार. एकच चंद्र सर्वांना दिसतो हे खरे, पण एकाच वेळी नव्हे. कोणीतरी थांबावे लागते. आम्ही नऊ वाजेपर्यंत थांबलो. मग पुतण्याला म्हणालो, "बाबांना फोन लाव."

दोन शब्द बोलण्याचे योजून ठेवले होते, ते राहूनच गेले. पलीकडून बंधूच म्हणाले, "दादा, आज तुला कोणी ओवाळले का रे?"